मॉडेलं जोडताना आधी सांधा बघा: वेगवेगळ्या शास्त्रांची सिम्युलेशन्स एकत्र चालवणाऱ्या नवोदितांसाठी

भूजलाचा अभ्यासक म्हणतो, "उपसा किती होणार ते सांगा, पाणीपातळी कुठे जाईल ते मी सांगतो." शेतीच्या अर्थकारणाचा अभ्यासक म्हणतो, "पाणी किती खोल जाणार ते सांगा, शेतकरी किती उपसतील ते मी सांगतो." दोघांची मॉडेलं आपापल्या जागी चोख आहेत. पण प्रत्येकाने दुसऱ्याचं उत्तर गृहीत धरलं आहे, आणि खरी गोष्ट नेमकी त्या गृहीतात घडते. पाणी खोल गेलं की उपसण्याचा खर्च वाढतो, खर्च वाढला की पीक बदलतं, पीक बदललं की उपसा बदलतो आणि उपसा बदलला की पाण्याची खोलीही बदलते.

हे वर्तुळ पूर्ण करायचं तर दोन मॉडेलं जोडावी लागतात. स्वतःच्या विषयातलं एखादं मॉडेल ज्यांना चालवता येतं, पण दुसऱ्या विषयाच्या मॉडेलशी ते जोडण्याची वेळ पहिल्यांदाच आली आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे. भूजल आणि शेतकरी हेच उदाहरण शेवटपर्यंत वापरलं आहे. तुमचा विषय साथरोग आणि प्रवास, वीजजाळं आणि हवामान, जंगल आणि वणवा असा कोणताही असला तरी पायऱ्या बहुतेक याच राहतात.

माझं ठाम मत सुरुवातीलाच सांगते. या कामात कोड लिहिणं हा लहान भाग आहे. मोठा भाग आहे तो सांध्याचा: एका मॉडेलमधून दुसऱ्यात नेमकं काय जातं, त्याचा अर्थ काय, आणि दोन्ही बाजू त्याचा तोच अर्थ घेतात का. जोडणी फसते ती बहुतेक वेळा इथेच.

पायरी १: जोडायची गरज खरंच आहे का?

एक कागद घ्या. प्रत्येक मॉडेलसाठी एक चौकट काढा आणि कोण कोणाला काय देतं त्याचे बाण काढा. बाण एकाच दिशेने जात असतील तर जोडणीची यातायात करू नका. पहिलं मॉडेल चालवा, त्याचं उत्तर फाइलमध्ये साठवा आणि ती फाइल दुसऱ्याला द्या. पावसाचा अंदाज भूजलाच्या मॉडेलला असाच दिला जातो, कारण एका छोट्या खोऱ्यातल्या विहिरींमुळे पाऊस बदलत नाही. ही एकेरी जोडणी कमी दर्जाची आहे असं अजिबात समजू नका. ती समजायला सोपी असते, आणि चूक झाली तर लगेच सापडते.

बाण परत येत असेल, तर पुढचा प्रश्न काळाचा. परतीच्या बाणाचा परिणाम तुमच्या प्रश्नाच्या मुदतीत दिसणार आहे का? पुढच्या महिन्याची पाणीपातळी हवी असेल, तर उभं पीक महिन्यात बदलणार नाही. उपसा स्थिर धरला तरी चालेल. पुढच्या ३० वर्षांचं चित्र हवं असेल, तर उपसा स्थिर धरणं ही चूक आहे.

परतीचा बाण विसरण्याची किंमत पुराच्या अभ्यासाने फार आधी दाखवली. गिल्बर्ट व्हाइट या भूगोलतज्ज्ञाने १९४५ मध्ये मांडलं, की पूरसंरक्षक बांध घातल्याने लहान पूर थांबतात, लोकांना सुरक्षित वाटतं, बांधाआड वस्ती वाढते, आणि बांधाला न जुमानणारा मोठा पूर आला की नुकसान आधीपेक्षा जास्त होतं. नुसतं जलशास्त्राचं मॉडेल म्हणेल, धोका कमी झाला. वस्तीचं मॉडेल पाण्याशी जोडल्याशिवाय धोका वाढल्याचं दिसतच नाही. २०१२ पासून अशा अभ्यासांना सामाजिक-जलशास्त्र असं नावही मिळालं आहे.

पायरी २: सांध्याचा तक्ता

या पायरीला वेळ द्या. संगणक बंद ठेवला तरी चालेल.

सांध्यावरून जाणाऱ्या प्रत्येक राशीसाठी, म्हणजे आकड्यात मांडलेल्या प्रत्येक गोष्टीसाठी, एक ओळ लिहा. त्या ओळीत राशीचं नाव, एका वाक्यात तिचा अर्थ, एकक, चिन्हाची दिशा, ती कोणत्या जागेची आहे, कोणत्या काळाची आहे, त्या क्षणाची आहे की सरासरी की बेरीज, आणि तिची मालकी कोणत्या मॉडेलकडे, हे सगळं यायला हवं. मालकी म्हणजे ती रास बदलण्याचा हक्क. एका राशीचा मालक एकच.

एककापासून सुरुवात करा, कारण एककाची चूक सर्वांत मूर्खपणाची वाटते आणि तरीही होते. १९९९ मध्ये मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान मंगळाजवळ पोहोचून नष्ट झालं. जमिनीवरच्या एका सॉफ्टवेअरने इंजिनाच्या रेट्याचा हिशेब पाउंड-फोर्स सेकंदांत दिला होता, आणि तो घेणाऱ्याने न्यूटन सेकंदांत आहे असं धरलं होतं. फरक सुमारे ४.४५ पटींचा होता. दोन्ही प्रोग्रॅम आपापल्या जागी चालत होते. चूक त्यांच्या मधल्या जागेत होती.

मग चिन्ह. भूजलवाले बहुधा पाण्याची उंची समुद्रसपाटीपासून मोजतात. पाणी खाली गेलं की आकडा कमी होतो. शेतकऱ्याचं मॉडेल जमिनीपासूनची खोली मोजतं. पाणी खाली गेलं की आकडा वाढतो. एकाचा आकडा दुसऱ्याला तसाच दिला, तर पाणी आटत असताना मॉडेलमधला शेतकरी खुशाल ऊस लावतो. कोड थांबत नाही, कुठलाही इशारा येत नाही.

सर्वांत कठीण असतो तो अर्थ. "पाणीवापर" हा शब्द घ्या. भूजलाच्या माणसासाठी तो विहिरीतून बाहेर काढलेलं पाणी. पीकशास्त्रज्ञासाठी तो पिकाने बाष्परूपाने हवेत सोडलेलं पाणी. मधला फरक बराच मोठा असू शकतो, कारण दिलेल्या पाण्यातलं काही जमिनीत झिरपून पुन्हा भूजलालाच मिळतं. एका कामात आम्हाला या एका शब्दावर दोन बैठका घालाव्या लागल्या, आणि त्या वाया गेल्या असं मला आजही वाटत नाही. नंतर वाचलेले महिने त्यातूनच वाचले.

याच फरकातून दुहेरी मोजणीचा दोष शिरतो. शेतातून झिरपणारं पाणी पिकाच्या मॉडेलने मोजलं. भूजलाच्या मॉडेलचं पुनर्भरण, म्हणजे जमिनीत मुरून भूजलात भर घालणारं पाणी, ठरवतानाही कोणीतरी आधीच त्यात "सिंचनातून परत येणारं पाणी" धरून ठेवलेलं होतं. जोडल्यावर तेच पाणी दोनदा जमिनीत जातं. प्रत्येक मॉडेल एकटं चालवून हा दोष कधीच दिसणार नाही. म्हणून तक्त्याखाली आणखी एक यादी करा: जोडल्यानंतर कोणत्या मॉडेलमधला कोणता भाग बंद करायचा. ही यादी रिकामी आली तर पुन्हा शोधा. वेगवेगळ्या हातांनी बनलेल्या दोन मॉडेलांत एकही गोष्ट दोनदा मोजलेली नसेल, असं क्वचितच घडतं.

पायरी ३: हाताने सोडवता येईल असं छोटं मॉडेल

मोठी मॉडेलं लगेच जोडू नका. प्रत्येकाची एका ओळीची नक्कल करा आणि आधी त्या दोन ओळी जोडा. वहीवर नाहीतर स्प्रेडशीटमध्ये होणारं काम आहे.

आपलं क्षेत्र १ चौरस किलोमीटर धरू. पाणी खडकातल्या फटींत आणि छिद्रांत असतं. पाणीपातळी हलली की खडकाच्या आकारमानाच्या ५ टक्के एवढंच पाणी निघतं किंवा भरतं असं मानू. म्हणजे पातळी १ मीटर उतरायला ५०,००० घनमीटर पाणी काढावं लागतं. पावसातून वर्षाला ८० मिलिमीटर पाणी जमिनीत मुरतं, म्हणजे ८०,००० घनमीटर. आज पाणी २० मीटर खोल आहे आणि वर्षाचा उपसा १,२०,००० घनमीटर आहे.

आता एकेरी हिशेब. उपसा स्थिर धरला तर दर वर्षी ४०,००० घनमीटर तूट येते, पातळी ०.८ मीटर उतरते. २५ वर्षांनी पाणी ४० मीटरवर, ५० वर्षांनी ६० मीटरवर.

आता शेतकऱ्याचं मॉडेल जोडा. पाणी जितकं खोल, तितका उपसा कमी. हे हवेतून काढलेलं नाही. १ घनमीटर पाणी १ मीटर उचलायला ९,८१० जूल ऊर्जा लागतेच, आणि पंपाची कार्यक्षमता ५० टक्के धरली तर २० मीटरवरून १ घनमीटर पाणी आणायला साधारण ०.११ युनिट वीज लागते, ४० मीटरवरून ०.२२. खोली दुप्पट, तर वीजही दुप्पट. शेतकऱ्याचा प्रतिसाद अगदी सोपा ठेवू:

उपसा = १,२०,००० − २,००० × (खोली − २०)

नवी खोली = खोली + (उपसा − ८०,०००) ÷ ५०,०००

दर वर्षी एकदा या दोन ओळी सोडवा. २५ वर्षांनी खोली येते ३२.८ मीटर, ५० वर्षांनी ३७.४. आणि पुढे कितीही वर्षं चालवलं तरी ती ४० मीटर ओलांडत नाही, कारण ४० मीटरवर उपसा आणि पुनर्भरण दोन्ही ८०,००० होतात. एकेरी हिशेब म्हणत होता पाणी अखंड उतरत राहील, जोडलेला हिशेब म्हणतो ते थबकेल. यातला कोणता आकडा कोणत्या खऱ्या गावाला लागू पडतो हा वेगळा प्रश्न आहे. पण जोडणीने नेमकं काय बदललं ते आता तुम्हाला बोट ठेवून दाखवता येतं.

मोठ्या मॉडेलांच्या जोडणीतून अनपेक्षित काही आलं की मी आधी या दोन ओळींकडे परत येते. तिथेही तसंच दिसलं तर ती गोष्ट व्यवस्थेत असण्याची शक्यता जास्त. तिथे दिसलंच नाही तर जोडणीवर संशय घ्यायचा.

शेतकऱ्याची ओळ मात्र इतकी साधी राहू नये. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, पण त्यांच्या वाटेची सुरुवात १९६५ च्या पीएचडी प्रबंधातून झाली होती. विषय होता कॅलिफोर्नियातल्या वेस्ट बेसिन इथल्या भूजलाचा. तिथे पाणी उपसणाऱ्यांनी एकत्र येऊन उपशावर स्वतःच मर्यादा आणण्याच्या व्यवस्था उभ्या केल्या होत्या. माणसं विजेच्या खर्चाला प्रतिसाद देतात, तशी शेजाऱ्याला आणि दिलेल्या शब्दालाही देतात. एजंट-आधारित मॉडेल, म्हणजे प्रत्येक शेतकरी स्वतंत्र पात्र म्हणून चालवणारं मॉडेल, उपयोगी पडतं ते इथे.

पायरी ४: काळाची आणि जागेची जुळवणी

भूजलाचं मॉडेल दिवसाच्या कालपायरीने, म्हणजे एकेक दिवस पुढे जात, चालतं, शेतकरी हंगामाला एकदा ठरवतो. दोघांना एकाच पायरीवर ओढायची गरज नाही. प्रत्येकाने आपल्या गतीने चालावं, आणि देवाणघेवाण किती दिवसांनी करायची ते तुम्ही ठरवावं. पण ते विचारपूर्वक ठरवा.

वरच्या दोन ओळींवरच प्रयोग करून बघा. दर वर्षाऐवजी दर ३० वर्षांनी एकदा देवाणघेवाण केली तर? पहिल्या ३० वर्षांत उपसा जुनाच राहतो, आणि खोली ४४ मीटरवर जाते. खऱ्या उत्तरात ४० ची हद्द कधीच ओलांडली जात नाही. मग ती ३९.२ वर परत येते, म्हणजे हेलकावा संपूर्णपणे आपल्या पायरीने निर्माण केला. पायरी ५५ वर्षांची केली तर खोली येते ६४, मग ११.२, मग ७४.६, आणि चौथ्या देवाणघेवाणीला पाणी जमिनीच्या वर दीड मीटर उभं राहतं. व्यवस्था तीच आहे आणि सूत्रंही तीच आहेत, फक्त एकमेकांना उशिरा विचारलं. ५५ वर्षं कोणी घेणार नाही हे खरं, पण जिथे प्रतिसाद झटपट असतो तिथे हीच गत एका दिवसाच्या पायरीनेही होते.

नियम सोपा ठेवा: देवाणघेवाणीचं अंतर निम्मं करा. उत्तर बदललं तर पुन्हा निम्मं करा. उत्तर हलायचं थांबेपर्यंत.

जागेचा प्रश्न जास्त फसवा आहे, कारण तो सरासरीत लपतो. भूजलाचं मॉडेल जमिनीचे चौकोन पाडून प्रत्येकासाठी एकच पातळी काढतं, आणि अशा एका चौकोनात अनेक विहिरी येतात. समजा निम्म्या विहिरींत पाणी १० मीटरवर आहे आणि निम्म्यांत ५० मीटरवर. सरासरी ३० मीटर. शेतकऱ्यांचे पंप ४० मीटरपर्यंतच पाणी उचलू शकतात. सरासरी दिली तर सगळे शेतकरी पाणी उपसतात. प्रत्यक्षात निम्म्यांच्या विहिरी बंद पडल्या आहेत. जिथे प्रतिसाद सरळ रेषेत नसतो, उंबरठा असतो, तिथे सरासरीचा परिणाम आणि परिणामांची सरासरी वेगळी येते. अशा वेळी सरासरीसोबत पसरणही सांध्यावरून पाठवा, किंवा शक्य असेल तर प्रत्येक विहिरीची पातळी वेगळी काढा.

उलट दिशेला, म्हणजे शेतांवरचा उपसा चौकोनांवर वाटताना, एकच गोष्ट सांभाळा: बेरीज जुळली पाहिजे. वाटणी थोडी ओबडधोबड असली तर चालेल, पाणी हरवलेलं चालणार नाही.

पायरी ५: आधी कोण, नंतर कोण

आधी शेतकऱ्याने ठरवायचं की आधी पाणी उतरायचं? आपल्या उदाहरणात याचं उत्तर वास्तवातच आहे. शेतकरी मागच्या हंगामाची पातळी पाहून ठरवतो. तेव्हा शेतकरी आधी, पाणी नंतर, आणि एका हंगामाचा उशीर. हा उशीर खरा आहे.

भौतिक गोष्टींच्या जोडणीत मात्र असा उशीर खरा नसतो. ७ नोव्हेंबर १९४० रोजी टॅकोमा नॅरोज पूल कोसळला, तेव्हा वारा पुलाला हलवत होता आणि हलणारा पूल स्वतःभोवतीचा वारा बदलत होता, दोन्ही एकाच क्षणी. अशी व्यवस्था मॉडेलमध्ये आणताना "आधी वारा, मग पूल" असं एकदाच चालवून पुरत नाही. एकाच कालपायरीत दोन्ही मॉडेलांना पुन्हा पुन्हा एकमेकांची उत्तरं देत राहावी लागतात, ती स्थिर होईपर्यंत. याला घट्ट जोडणी म्हणतात, आणि पायरीला एकदाच देवाणघेवाण होते ती सैल जोडणी. रक्त आणि धमनीची भिंत यांच्यासारख्या जोडीत, जिथे भिंत हलकी आणि द्रव तुलनेने जड असतो, तिथे सैल जोडणी पायरी लहान करूनही अस्थिर राहू शकते. तिथे घट्ट जोडणीला पर्याय नाही.

सैल जोडणीपासून सुरुवात करा. क्रम उलटा करून बघा. उत्तरात दखल घेण्याजोगा फरक पडला, तर घट्ट जोडणीकडे जा.

पायरी ६: साधनं

आता संगणक. स्वतःची जोडणी शून्यापासून लिहिण्याआधी तुमच्या क्षेत्रात काय तयार आहे ते बघा.

पृथ्वीच्या पृष्ठभागाच्या मॉडेलांसाठी बेसिक मॉडेल इंटरफेस, थोडक्यात बीएमआय, ही अगदी साधी रीत आहे. प्रत्येक मॉडेलने काही ठरावीक हाका ऐकायच्या: सुरू हो, एक पायरी पुढे जा, ही रास दे, ही रास घे, संपव. याशिवाय आपली वेळ, एककं आणि जाळं काय आहे तेही मॉडेलने सांगायचं. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेचं मॉडफ्लो ६ हे भूजलाचं मॉडेल अशा हाकांना उत्तर देतं, त्यामुळे पायथॉनमधल्या शेतकऱ्यांच्या मॉडेलशी ते पायरीपायरीने जोडता येतं. जलव्यवस्थापनात ओपनएमआय ही रीतही आहे.

यंत्रं, वाहनं, इमारती यांच्या जगात फंक्शनल मॉक-अप इंटरफेस चालतो. पहिली आवृत्ती २०१० ची, तिसरी २०२२ ची. तिथे मॉडेल एका झिप फाइलमध्ये बांधून दिलं जातं आणि आत राशींची यादी असते. द्रव आणि घन यांच्या घट्ट जोडणीसाठी प्रीसाइस ही मुक्त लायब्ररी चांगली आहे. हवामानासाठी ओॲसिस, आणि लष्करी प्रशिक्षणातून आलेलं हाय लेव्हल आर्किटेक्चर, हेही ऐकण्यात येईल. शेतकऱ्यांसारख्या एजंटांसाठी नेटलोगो किंवा पायथॉनमधली मेसा पुरते.

ही साधनं आकडे पोहोचवतात, अर्थ पोहोचवत नाहीत. "पाणीवापर" या नावाची रास दोन्हीकडे असली की साधन ती मुकाट जोडून देतं. म्हणून पायरी २ चा तक्ता.

पायरी ७: जोडल्यावर वाहवत जाणं

नवोदितांना सर्वांत जास्त खचवणारा क्षण इथे येतो. दोन्ही मॉडेलं एकटी असताना निरीक्षणांशी छान जुळत होती. जोडली, आणि काही काळातच दोन्ही भलतीकडे निघाली.

हवामानशास्त्र याच वाटेने गेलं. १९६९ मध्ये स्युकुरो मनाबे आणि कर्क ब्रायन यांनी वातावरण आणि महासागर यांची मॉडेलं पहिल्यांदा जोडली. (मनाबे यांना २०२१ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.) पुढच्या काळात अशा जोडलेल्या मॉडेलांत एक दोष सतत दिसत राहिला: काहीही बाहेरून न बदलता हवामान हळूहळू सरकत जायचं. कारण समजण्यासारखं आहे. वातावरणाचं मॉडेल एकटं चालताना त्याच्या तळाला समुद्राचं मोजलेलं तापमान खिळ्यासारखं ठोकलेलं असतं. मॉडेलमधल्या लहान चुका त्या खिळ्यामुळे वाढू शकत नाहीत. जोडणी केली की खिळा निघतो, आणि एकाची चूक दुसऱ्याकडे जाऊन मोठी होऊन परत येते. १९८० आणि १९९० च्या दशकांत अनेक गटांनी सांध्यावर उष्णतेची आणि गोड्या पाण्याची कृत्रिम दुरुस्ती घालून हे थोपवलं. १९९० च्या दशकाच्या अखेरीस हॅडसीएम३ सारखी मॉडेलं अशा दुरुस्तीशिवाय स्थिर चालू लागली.

तुमच्यावर हीच वेळ आली तर घाबरू नका, आणि लगेच दुरुस्तीचा गुणकही घालू नका. आधी बाहेरचं सगळं स्थिर ठेवून जोडलेली व्यवस्था दीर्घकाळ चालवा. कोणती रास आधी सरकते ते शोधा. बऱ्याचदा ते सुरुवातीच्या स्थितीचं दुखणं असतं. भूजल, खोल समुद्र, माती अशा मंद गोष्टींना नव्या जोडीदाराबरोबर स्थिरावायला खूप वेळ लागतो, आणि तेवढा वेळ त्यांना द्यायचा असतो. तरीही सरकणं थांबलं नाही, तर पायरी २ च्या तक्त्याकडे परत जा. दुहेरी मोजणी, नाहीतर हरवलेलं पाणी, यांपैकी काहीतरी तिथे सापडण्याची शक्यता मोठी आहे.

मग कॅलिब्रेशन, म्हणजे मॉडेलमधले गुणक (आपण ठरवून द्यायचे आकडे) निरीक्षणांशी जुळेपर्यंत बदलणं. मॉडेलं एकेकटी जुळवून मग जोडली की काही गुणकांचे आकडे जुन्या खिळ्याला धरून बसलेले असतात. जोडल्यानंतर ते पुन्हा जुळवावे लागतात. पण सगळे एकदम सोडू नका. सांध्याला लागून असलेले दोन-तीन आधी, बाकीचे बांधून ठेवा.

पायरी ८: तपासण्या

या मी प्रत्येक वेळी करते, घाई असली तरी.

शून्य-जोडणीची तपासणी: सांध्यावरून मुद्दाम स्थिर आकडा पाठवा. जोडलेल्या व्यवस्थेने एकट्या मॉडेलचं जुनं उत्तर तंतोतंत दिलं पाहिजे. दशांशाच्या शेवटच्या घरापर्यंत नाही आलं तर का नाही हे कळेपर्यंत पुढे जाऊ नका.

पाण्याचा ताळेबंद: आलेलं वजा गेलेलं म्हणजे साठ्यातला बदल. दर पायरीला, संपूर्ण जोडलेल्या व्यवस्थेसाठी. तुमच्या विषयात पाणी नसेल तर ऊर्जा, पैसा, माणसं, जे नाहीसं होऊ शकत नाही ते मोजा.

टोकाची स्थिती: पाऊस शून्य करा. सगळे शेतकरी काढून टाका. उत्तर काय यायला हवं हे आधी कागदावर लिहा आणि मगच चालवा. आधी लिहिणं महत्त्वाचं आहे. उत्तर समोर आल्यावर त्याला साजेसं कारण मनाला फार सहज सुचतं.

आणि मधेच थांबवून पुन्हा सुरू करणं. ५० वर्षांची एक धाव आणि २५ अधिक २५ ची धाव सारखी यायला हवी. नाही आली तर कुठलं तरी मॉडेल आपली एखादी आठवण साठवायला विसरतं आहे.

पायरी ९: अनिश्चितता

जोडलेल्या व्यवस्थेत प्रत्येक बाजूची अनिश्चितता दुसरीकडे जाते. ती मोजायची म्हणजे मॉडेल पुष्कळदा चालवायचं. ५ गुणक, प्रत्येकाच्या १० किमती घेतल्या तर सगळ्या जुळण्या १,००,००० होतात. एका धावेला ६ मिनिटं लागत असतील तर १०,००० तास, म्हणजे जवळजवळ ४१७ दिवस.

त्याऐवजी आधी चाळणी लावा. १९९१ मध्ये मांडलेली मॉरिस पद्धत नवोदितांना मी आवर्जून सुचवते. एका सुरुवातीच्या बिंदूपासून एका वेळी एकच गुणक हलवत जायचं, आणि असं १० वेगवेगळ्या बिंदूंपासून करायचं. ५ गुणकांसाठी ६० धावा लागतात, म्हणजे ६ तास. एका रात्रीत कळतं की कोणते दोन गुणक उत्तर हलवतात आणि कोणते तीन सोडून द्यावेत. खोल अभ्यास त्या दोघांवर करा. मॉडेलमध्ये नशिबाचा भाग असेल, जसा एजंटांच्या मॉडेलमध्ये असतो, तर प्रत्येक धाव वेगवेगळ्या यादृच्छिक बीजांनी (नशिबाचे आकडे ज्यापासून सुरू होतात त्या आकड्यांनी) अनेकदा करावी लागेल, तेही वेळेच्या हिशेबात धरा.

सांध्याची निवड हीसुद्धा अनिश्चितता आहे, हे बहुतेक जण विसरतात. देवाणघेवाण हंगामाला की वर्षाला, सरासरी की पसरण, आधी कोण: या निवडी बदलून उत्तर किती हलतं तेही तुमच्या निकालात यायला हवं. गुणकांमुळे उत्तर २ मीटर हलत असेल आणि क्रम बदलल्याने ५ मीटर, तर वाचणाऱ्याला ते कळलंच पाहिजे.

पायरी १०: माणसं आणि नोंदी

दुसऱ्याचं मॉडेल बंद डबा म्हणून वापरू नका. ते बनवणारा माणूस शोधा, शक्य असेल तर सोबत घ्या, आणि त्याला एकच प्रश्न विचारा: "हे मॉडेल कधी वापरू नये?" या प्रश्नाला जेवढी मोलाची उत्तरं मिळाली आहेत, तेवढी कुठल्याही पुस्तिकेत मिळाली नाहीत. एका भूजलतज्ज्ञाने मला सांगितलं होतं की त्याच्या मॉडेलमध्ये विहीर कोरडी पडली की तो चौकोन पुढे कायमचा बंद होतो, नंतर पाऊस कितीही पडला तरी. दुष्काळानंतर शेतकरी परत येतात का, हा आमचा प्रश्न होता. ते मॉडेल तसंच जोडलं असतं तर शेतकरी कधीच परत आले नसते, आणि आम्ही त्याचं कारण माणसांच्या स्वभावात शोधत बसलो असतो.

एजंटांच्या मॉडेलचं वर्णन लिहिताना २००६ पासून प्रचलित असलेला ओडीडी हा आराखडा वापरा. हेतू, पात्रं, क्रम, तपशील अशी त्याची मांडणी ठरलेली असते, आणि दुसऱ्या विषयातल्या माणसालाही ती वाचता येते. प्रत्येक मॉडेलची नेमकी आवृत्ती नोंदवा. सांध्याचा तक्ता कोडच्या शेजारी, त्याच फोल्डरमध्ये ठेवा. एकक किंवा अर्थ बदलायचा झाला तर आधी तक्त्यातली ओळ बदलायची, दोन्ही बाजूंच्या माणसांनी ती वाचायची, आणि मगच कोडला हात लावायचा.